कप आणि कप्तानी

पालवणकर बाळूंची गोष्ट अक्कलकोटात सांगितली की लोक हळहळतात. चर्मकार समाजातला डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात संघासाठी बळी घ्यायचा आणि चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात प्यायचा. हळहळून झालं की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘आता बघा, आपल्या अन्नछत्रात रोज हजारो लोक एका पंगतीत जेवतात, जात कोण विचारतो?’ विषय मिटला.

माझा आक्षेप या मिटवण्याला आहे. चहाच्या कपाची गोष्ट आपल्याला आवडते, कारण कप बदलणं सोपं असतं. बाळूंचा कप त्यांच्या हयातीतच बदलला. गोऱ्यांना हरवायचं होतं, आणि हरवू शकणारा हात त्यांचा होता. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्या संघात बाळू होते. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. मानपत्रं मिळाली, पंगतीही मिळाल्या. मिळाली नाही ती कप्तानी.

त्याच काळात अमेरिकेत जॅक जॉन्सन होता. डिसेंबर १९०८ मध्ये सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून तो हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. गोऱ्यांनी निवृत्त जेफ्रीजला पुन्हा रिंगणात आणला. ४ जुलै १९१० रोजी रेनोत जॉन्सनने त्यालाही लोळवला, आणि त्या रात्री अनेक शहरांत दंगली होऊन काळी माणसं मारली गेली. पुढे त्याला खटल्यात अडकवलं. माफी मिळाली ती २०१८ साली, मेल्यावर सात दशकांनी. हे सारं भयंकर, पण उघड. रिंगणात दोघंच असतात, जिंकला तो कोण हे झाकता येत नाही.

क्रिकेटमध्ये झाकता येतं. बाळूंचे बळी ‘हिंदूंचा विजय’ म्हणून जमा होत राहिले आणि कर्णधार कोण हे समितीच्या बंद खोलीत ठरत राहिलं. दगडफेक नाही, शिवी नाही. दरवर्षी दुसरं नाव, एवढंच. १९२० साली कप्तानी पुन्हा वरच्या जातीकडे गेली, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून अंग काढून घेतलं. मग कुठे बाळू उपकर्णधार झाले. म्हणजे २०हून अधिक वर्षांच्या गोलंदाजीने जे झालं नाही, ते भावांच्या नकाराने थोडंफार झालं. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले, तोवर थोरल्याचा खेळ संपला होता.

‘गुण असले की जात आड येत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम जरा सावकाश वाचावा. आपल्या बाजूच्यांनीही वाचावा. १९३७ साली बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून हरले, म्हणून त्यांचं नाव घेताना आपली जीभ अडखळते. निवडणुकीतला विरोध विरोधाच्या जागी. पण १९२०चा तो नकार ही आपली मिळकत आहे, ती का सोडायची?

पंगतीबद्दल माझी तक्रार नाही, सगळ्यांनी जेवावं. माझा प्रश्न आपल्या गावोगावच्या तालमी, क्रिकेट क्लब आणि उत्सव मंडळांना आहे. वर्गणी सगळ्या गल्ल्यांतून येते, पोरं सगळ्या गल्ल्यांतली खेळतात. अध्यक्ष आजवर कोणकोणत्या गल्लीतून झाले, ती यादी एकदा फळ्यावर लावा.