बैल पारखता, तशी संस्थाही पारखा



गेल्या पंधरवड्यात एका गावी हरभऱ्यावरच्या घाटे अळीसाठी कामगंध सापळे कसे लावायचे, ते दाखवण्याचा कार्यक्रम होता. कार्यक्रम संपला, मंडळी पांगली. एक गृहस्थ मात्र बांधावरच रेंगाळत राहिले. जवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब, प्रश्न पिकाचा नाही, आईचा आहे. सहा महिने झाले, अंथरुणाला खिळलीय. आम्ही दोघं दिवसभर रानात. पोरगा पुण्याला. तालुक्याला अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था निघालीय म्हणतात. पण ती चांगली की वाईट, हे ओळखायचं कसं?"

मी डॉक्टर नाही, पिकांचा माणूस आहे. पण या प्रश्नाची फी मी स्वतः भरलेली आहे, म्हणून आज या पानावर शेतीऐवजी त्याच विषयावर बोलतो.

आमच्या थोरल्या चुलतीला आम्ही सारे नानी म्हणत असू. माझी आई लवकर गेली, त्यानंतर मला वाढवले ते नानीने. पंच्याहत्तरीनंतर ती ओसरीवरून घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. चुलतभावाची कारखान्यात पाळीची नोकरी, वहिनीला कंबरेचे दुखणे. शेवटी जिल्ह्याच्या गावी एक संस्था आहे असे कळले. आम्ही दोघे भाऊ बघायला गेलो. चकचकीत फरशी, दारात बाग, भिंतीवर देवांच्या तसबिरी, मोठा टीव्ही. ऑफिसात थंडगार पाणी मिळाले. आम्ही महिन्याचा खर्च विचारला, अनामत भरली आणि परतलो. पाऊण तासात काम उरकले. याच भावाबरोबर एका खोंडासाठी मी तीन बाजार पालथे घातले होते!

पाच आठवड्यांनी मी न कळवता गेलो. नानीच्या अंगावर स्वच्छ चादर होती. ती उचलली तर माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम, आणि दोन्ही टाचा काळ्या पडलेल्या. नानी रागावली नाही. एवढेच म्हणाली, "बाळा, तुम्ही फरशी बघितली. माझी खाट कुणी बघितली?"

ती जखम भरायला चार महिने लागले. पुढे घरी ठेवून बघितले, जमले नाही. मग दुसरी संस्था शोधली. पत्र्याचे छप्पर, बागेचा पत्ता नाही. तिथे नानी शेवटची दोन वर्षे राहिली आणि तिच्या अंगावर पुन्हा जखम झाली नाही. या दोन ठिकाणांत फरक कशाचा होता, तो आता सांगतो.

पहिली गोष्ट, जाण्याची वेळ. एकदा सांगून जा, दुसऱ्यांदा न सांगता जा, आणि तेही जेवणाच्या वेळी किंवा दिवेलागणीनंतर. आत शिरताच नाकाला विचारा. लघवीचा वास येत असेल तर कळतेच, पण फिनेलचा फार उग्र वास येत असेल तरी कशावर पांघरूण घातले आहे, ते बघा. ज्यांना हाताने जेवता येत नाही, त्यांना कसे भरवतात ते उभे राहून पाहा. पाठीला टेकू देऊन बसवून, घास गिळला की पुढचा, असे भरवायला हवे. आडवे ठेवून घाईने भरवले तर अन्न श्वासनलिकेत जाते आणि फुप्फुसाला संसर्ग होतो. पाण्याचा तांब्या हाताला येईल असा आहे का, हेही बघा.

दुसरी गोष्ट, खाट. ज्यांना स्वतः हलता येत नाही, ती माणसे दाखवा म्हणावे. एकाच कुशीवर पडून राहिले की हाडाच्या उंचवट्यावरचा रक्तपुरवठा दबतो आणि कातडी मरू लागते. माकडहाड, खुबे, टाचा या तिच्या जागा. पहिली खूण म्हणजे लाली. बोटाने दाबल्यावर ती फिकी पडली नाही, तर जखमेची सुरुवात झाली असे समजा. म्हणून अशा माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. हवेची गादी असली तर उत्तमच, पण तिच्यामुळे कूस बदलणे सुटत नाही. कूस बदलल्याची वेळ लिहिलेला कागद मागा. दुसऱ्या संस्थेत तो खाटेलाच टांगलेला असे.

तिसरी गोष्ट, रात्र. रात्री किती माणसे कामावर असतात, हे विचारा आणि हिशेब करा. समजा खिळलेली १२ माणसे आहेत. एकेकाची कूस बदलायला आणि ओले-सुके बघायला १० मिनिटे धरली, तर १२० मिनिटे झाली, म्हणजे पुरते दोन तास. तोवर पहिल्याची पाळी पुन्हा आली! एकटा माणूस असेल तर पाणी कोण देणार, संडासला कोण नेणार? पहिल्या ठिकाणी हे साधे गणित मी केले नाही. पिकाला पाणी देताना आपण पंपाचे तास मोजतो, तसे हे तास मोजा.

चौथी गोष्ट, औषधे. प्रत्येकाची औषधे वेगळ्या डब्यात आणि वेळापत्रकासह हवीत. डॉक्टर किती दिवसांनी येतात, रात्री छातीत दुखले तर कोणत्या दवाखान्यात नेतात, वाहन कोणते, हे नेमके विचारा. सकाळी दहा वाजता सगळीच म्हातारी माणसे गाढ झोपलेली दिसली, तर झोपेची औषधे कुणाच्या सांगण्यावरून देता, ते विचारायला कचरू नका. कुणाचे हात खाटेला बांधलेले दिसले तरी कारण विचारा.

पाचवी गोष्ट, माणसे. सांभाळणाऱ्या मावशींना विचारा, किती वर्षे काम करता? दर दोन महिन्यांनी मावशी बदलत असतील, तर तिथे काही तरी बिघडले आहे. "आजी, कूस बदलू का?" म्हणतात की नुसतेच ओढून वळवतात, ते कान देऊन ऐका.

सहावी गोष्ट, कागद. महिन्याच्या रकमेत काय येते, लंगोट आणि औषधांचे वेगळे किती, अनामत कधी परत मिळते, हे लिहून घ्या. "भेटायला फक्त पहिल्या रविवारी या" असे कोणी म्हणाले, तर तिथूनच माघारी फिरा.

आणि या सगळ्याआधी ज्याला जायचे आहे त्याला विचारा. नानीला आम्ही विचारले नव्हते, सांगितले होते.

ठेवल्यावर काम संपत नाही. पेरणी करून कापणीपर्यंत कोणी शेताकडे फिरकायचे थांबते का? निदान पंधरा दिवसांनी एकाने जावे. चादर उचलावी, टाचा बघाव्या, जीभ कोरडी आहे का, चोळी सैल झाली आहे का, ते पाहावे. जे दिसेल ते तारखेसह वहीत लिहावे. तक्रार करताना हीच वही उपयोगी पडते.

कायद्याचीही दोन वाक्ये. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण यासाठी २००७ साली कायदा झाला. मुले सांभाळत नसतील तर आई-वडिलांना निर्वाह खर्चासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि तिथे प्रांताच्या किंवा त्याहून वरच्या दर्जाचे अधिकारी असतात. हा कायदा आल्यानंतर सांभाळण्याच्या अटीवर जमीन बक्षीसपत्राने दिली आणि ती अट पाळली नाही, तर ते बक्षीसपत्र रद्दही ठरवून घेता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा विनाशुल्क मदत क्रमांक आहे. तो घरातल्या वडीलधाऱ्यांना लिहून द्या.

बांधावरच्या त्या गृहस्थांचा परवा फोन आला होता. नवरा-बायको दोघे दिवेलागणीला जाऊन आले. रात्रीच्या माणसांचा आकडा विचारल्यावर मॅनेजर विषय बदलू लागला, म्हणून त्यांनी अनामत भरली नाही. आता शेजारच्या तालुक्यातली जागा बघणार आहेत. या खेपेस आईलाही गाडीत घालून नेणार आहेत, तिला आधी खाट दाखवायला.

पुढच्या अंकात पुन्हा हरभऱ्याकडे वळू.