कटऑफच्या नावानं चांगभलं

परवा मोहन्याहून ताईचा फोन. भाच्याला दहावीला ९१.६ टक्के पडले. अभिनंदन, पेढे वगैरे झालं आणि लगेच मुद्दा, "रुईया पहिलं टाकू की रुपारेल? तू मुंबईला शिकलास, तूच सांग." मी म्हटलं, कल्याणचं बिर्ला टाक. पलीकडे शांतता. जणू मी पोराला वडापावच्या गाडीवर बसवायला सांगितलं!

आता ताईचंही चूक नाही. मोहने म्हणजे एनआरसीचं गाव. आमचे बाबा तिथेच होते. २००९ ला कंपनी बंद पडली आणि 'बापामागे पोरगा चिकटेल' हा रस्ताही संपला. मग उरले काय, तर टक्के. ते मोठ्या नावाच्या कॉलेजात वटवले नाहीत तर फुकट गेले असं वाटणारच.

पण कटऑफ म्हणजे काय हो? त्या फेरीत ज्याला शेवटचा प्रवेश मिळाला त्याचे गुण. बस्स. आत कोण शिरलं एवढंच त्यातून कळतं. आत गेल्यावर कोणी काय शिकवलं याचा त्यात एक अक्षर उल्लेख नाही. नुसता इनपुट बघून प्रोग्रॅम भारी आहे असं मी ऑफिसात म्हटलं तर टीम लीड हाकलून देईल. अकरावीला मात्र अख्खं शहर तेच करतं.

मीसुद्धा २००१ ला अशाच एका नामांकित कॉलेजात गेलो (नाव नको). आंबिवलीला गाडी येते तेव्हा टिटवाळ्यालाच सीट भरलेल्या. घर ते वर्ग पावणेदोन तास. येताना कल्याणच्या पुढे गाड्या मोजक्याच, एक चुकली की बसा फलाटावर. दिवसाचे साडेतीन तास, वर्षाचे दोनशे दिवस धरले तरी दोन वर्षांत चौदाशे तास! आणि एवढं करून पोचलो की वर्ग निम्मा रिकामा, कारण हुशार मंडळी क्लासला. प्रॅक्टिकलपुरतं कॉलेज. हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. क्लास आणि कॉलेजांची ही मिलीभगत मोडायला २०१८ ला सरकारला विज्ञानाच्या वर्गांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला होता. अनुदानित कॉलेजात शिक्षकाचा पगार तुमच्याआमच्या करातून, आणि शिकवणी वेगळी, लाखांत. मग कटऑफचा मान कोणाला द्यायचा?

कोणी म्हणेल, वातावरण असतं, लायब्ररी असते, एकांकिका असतात. असतात ना! रुईयाच्या नाटकवाल्यांबद्दल मला आदरच आहे. भाचा नाटकासाठी जाणार असेल तर मी स्वतः पास काढून देतो. पण जेईईच्या क्लासला पळणारा मुलगा तालमीला थांबणार कधी? त्याला शेवटची बरी गाडी पकडायचीय.

शिवाय ही गाडी म्हणजे काही गंमत नाही. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान दारात लटकलेली माणसं पडून मेली. त्यातली एक गाडी कसाऱ्याहून येणारी होती, म्हणजे आमचीच. ते प्रवेशाचेच दिवस होते. त्याच वर्षी अकरावीचा ऑनलाइन प्रवेश अख्ख्या राज्याला लागू झाला, मुंबईत तो २००९ पासूनच होता. फॉर्मवर जास्तीत जास्त दहा कॉलेजं. आणि पहिल्या पसंतीचं लागलं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर नियमित फेऱ्यांतून बाहेर. दहाही रकाने लोक कटऑफच्या उतरत्या क्रमाने भरतात. नकाशा कोणी उघडत नाही.

ताईला म्हटलं, त्याला एकदा सकाळी आंबिवलीहून दादरला नेऊन आण, आणि मग पहिला रकाना भर. "शेजारच्यांचा गेला ना रोज," म्हणाली.

आज रात्री पुन्हा फोन करणार आहे. फॉर्म अजून लॉक केलेला नाही म्हणे.