हिऱ्यांच्या चिमटीत

अम्मीच्या पाठीच्या एमआरआयसाठी आम्ही चंदगडहून बेळगावला गेलो. "त्या नळीत किरणं मारतात का रे?" तिला धास्ती. आम्ही समजावलं: एक्स-रे नव्हे अम्मी, चुंबक आणि रेडिओलहरी. अंगातल्या पाण्याचा हायड्रोजन त्यांना जबाब देतो.

हायड्रोजनचा हा जबाब शेजारच्या अणूंप्रमाणे बदलतो. १९५१ मध्ये हे दाखवणाऱ्या तिघांत धर्मट्टी होते. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनीच हे काम रुजवलं.

आता दोन हिऱ्यांच्या टोकांत कणभर पदार्थ चिरडून, हवेच्या लाखो पट दाबाखाली, त्यातल्या अणूंचा जबाब ऐकतात. पृथ्वीच्या पोटात, जिथे दाब ३६ लाख पटीपर्यंत चढतो, माणूस जाणार कसा? असाच अंदाज घ्यायचा.

न कापता आतलं कळतं, हे पटल्यावर अम्मी नळीत निवांत पडून राहिली.