जाम प्लग आणि थांबण्याचे पैसे

आपल्याकडे मेकॅनिकला पैसे मिळतात ते पाना फिरवण्याचे. थांबण्याचे कुणी देत नाही. आणि कूलिंग सिस्टिममधला जाम झालेला प्लग सोडवणं हे मुख्यतः थांबण्याचंच काम आहे. माझं सगळं भांडण एवढ्यावरून आहे.

आधी प्लग म्हणजे कुठला ते सांगतो (स्पार्क प्लग नव्हे!). रेडिएटरच्या तळाशी, इंजिन ब्लॉकवर किंवा थर्मोस्टॅट ज्या घरात बसतो त्यावर आट्यांचा एक छोटा प्लग असतो. कुठे कूलंट काढून टाकायला, कुठे अडकलेली हवा सोडायला. आता बऱ्याच नव्या गाड्यांत कंपन्या तो देतच नाहीत, खालचा होज उपटा म्हणतात. ज्यांच्या गाडीत आहे त्यातल्या निम्म्या लोकांना तो आहे हे माहीत नसतं. कळतं कधी? तर रांजणगावचा गणपती उरकून दौंडमार्गे सिद्धटेकला निघाल्यावर, भर उन्हात टेंपरेचरचा काटा वर गेला की!

आणि मग आपण काय करतो? जवळच्या हॉटेलातून बाटली भरून बोअरचं पाणी ओततो. एकदा अडचणीत ओतलं तर ठीक आहे हो, पण तेच पाणी वर्षभर आत राहतं. शिरूर-दौंड पट्ट्यातलं बोअरचं पाणी म्हणजे क्षारांचं आगार. तिकडच्या कुणाच्याही घरातल्या गीझरची कॉइल काढून बघा, पांढरा थर दिसेल. तोच थर इंजिनात बसतो. त्यात प्लग पोलादी आणि घर ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षारांचं पाणी, म्हणजे झाली की बॅटरी. त्यात खाल्लं जातं ॲल्युमिनियम. त्याचा जो पांढरा ऑक्साइड होतो तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतो आणि आटे गच्च भरतात. कूलंटमधली रसायनं हे रोखतात, पण ती काही जन्मभर पुरत नाहीत.

असा प्लग निघतो कसा? इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं. गरम इंजिनात दाबाखाली शंभरच्या वर तापलेलं पाणी असतं, त्यामुळे इथे घाई म्हणजे तोंड भाजून घेणं. मग प्लगच्या खाचेतली घाण तारेने उकरायची. रस्ट स्प्रे मारायचा आणि थांबायचं. हातोडीने हलके टकटक, पुन्हा स्प्रे, पुन्हा थांबायचं. नीट बसणारी सहा कोनांची गोटी लावून आधी किंचित आवळायचा आणि मग सोडायचा, असं मागेपुढे करत राहायचं. तरी हलला नाही तर स्प्रे स्वच्छ पुसून (तो पेट घेतो) घराला उष्णता द्यायची. प्लगला नाही, घराला! ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून भोक मोठं होतं. (रेडिएटरची टाकी प्लॅस्टिकची असेल तर हा उद्योग चुकूनही नको.) डोकं गोल झालं असेल तर त्यावर नट वेल्ड करायचा, वेल्डिंगच्या उष्णतेनेच अर्धं काम होतं. ड्रिल आणि एक्स्ट्रॅक्टर अगदी शेवटी. एक्स्ट्रॅक्टर आत तुटला तर साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही.

या सगळ्यात अर्धा दिवस जातो आणि बघणाऱ्याला दिसतं काय, तर माणूस चहा पीत बसलाय. मग आपला लॅपटॉपवाला भाऊ म्हणतो, "काय राव, एक बोल्ट काढायचे एवढे?"

हा तोच भाऊ, जो सोमवारी टाइमशीटमध्ये सहा तास 'इन्व्हेस्टिगेशन' लिहितो. बिल्ड चालू असताना पँट्रीत उभा असतो, तेही क्लायंटच्या खात्यावर. आम्ही तासावर पैसे घेतो आणि शिरूरच्या मेकॅनिकला मात्र नगावर देतो. मग तो का थांबेल? तो छिन्नी घालतो. आटे जातात, घराला तडा जातो, आणि आपण पुण्यात येऊन सांगतो की तिकडच्या लोकांना काही येत नाही.

शहरातली मोठी वर्कशॉप्स दुसरं टोक. "सर, असेंब्लीच बदलू." घर आतून खड्डे पडून खलास झालं असेल तर हेच बरोबर, त्याबद्दल वाद नाही. पण घर चांगलं असताना एका प्लगपायी सगळं भंगारात टाकायचं याला 'प्रोफेशनल' म्हणायचं आणि तेच घर वाचवणाऱ्याला 'जुगाडू', हे मला मान्य नाही. त्याच शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या एमआयडीसीत, २०१७ पासून जीप कंपास बनतेय. आजूबाजूच्या लोकांना यंत्र कळत नाही असं कुणाला म्हणायचंय?

आणि दौंडचं तर विचारूच नका. दौंड-मनमाड लाइन १८७८ ची, म्हणजे गाव वाफेच्या जमान्यापासून जंक्शन. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरलाही आट्यांचे प्लग असत. ठरलेल्या मुदतीने ते काढून आतला गाळ आणि क्षार धुवायचे, हा नियम. मुदत आली की प्लग उघडायचाच. इंजिन चालतंय ना, मग कशाला हात लावा, असलं कौतुक तिथे नव्हतं. ते आपल्या गाड्यांत आहे, आणि आपल्या लिगसी कोडमध्येही.

असो. प्लग निघाला की आटे टॅपने साफ करून घ्या, वॉशर नवा घाला, आट्यांना किंचित अँटी-सीझ लावा. कूलंट गाडीच्या पुस्तकात दिलाय तोच, आणि पाणी मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड. ते बॅटरीच्या दुकानात मिळतं, दौंडलाही. आणि मेकॅनिकला काम सुरू व्हायच्या आधीच सांगा : तासाचे किती ते बोल, चहाचा वेळ धरून.