लाटेवर स्वार होण्यापूर्वी

टोकियो येथे २०२१ साली भरलेल्या ऑलिंपिक क्रीडामहोत्सवात सर्फिंगला प्रथमच स्थान मिळाले आणि फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा हा खेळ जगभरच्या तरुणांना अधिकच खुणावू लागला. भारतही त्याला अपवाद नाही. कर्नाटकातील मुल्की, तमिळनाडूतील कोवलम आणि महाबलिपुरम ही नावे आता या खेळाच्या संदर्भात सहज घेतली जातात. महाबलिपुरम येथे तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धाही पार पडली. मच्छीमार वस्त्यांतील मुले या खेळात प्रावीण्य मिळवून इतरांना शिकवू लागली, ही स्वागतार्ह घटना होय. मात्र खेळ वाढला की नवशिके वाढतात, आणि नवशिक्यांच्या जीविताची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्याबरोबरच उभा राहतो.

या खेळाला धाडस लागते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः नवशिक्याला धाडसापेक्षा ज्ञानाची गरज अधिक असते. किनाऱ्यावर येऊन फुटणाऱ्या लाटांचे पाणी कोठून तरी समुद्राकडे परतणारच. वाळूच्या दांड्यांमधील खोलगट वाटेने ते एकवटून वेगाने मागे जाते. इंग्रजीत ज्याला रिप करंट म्हणतात तो हाच परतीचा प्रवाह. तो प्रबळ असला की त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरांपर्यंत जातो. शंभर मीटरांच्या शर्यतीतील जगज्जेत्या जलतरणपटूचा वेगही त्याच्याच आसपास असतो. आणखी विलक्षण गोष्ट अशी की, या वाटेवर पाणी खोल असल्याने लाटा कमी फुटतात. त्यामुळे अजाणत्या डोळ्यांना नेमकी तीच जागा सर्वांत शांत दिसते आणि नवशिका विश्वासाने तेथेच उतरतो.

म्हणूनच या खेळाचा पहिला धडा पाण्यात नव्हे, तर वाळूवर गिरवावयाचा असतो. काही वेळ समुद्र न्याहाळावा, लाटा कोठे फुटतात आणि कोठे फुटत नाहीत हे पाहावे, स्थानिक कोळ्यांना व जीवरक्षकांना विचारावे. पोहता येत नसेल तर आधी पोहणे शिकावे. आरंभी मऊ फोमची मोठी फळी घ्यावी, तिची दोरी घोट्याला बांधावी आणि वाळूचा तळ असलेल्या कमरेइतक्या पाण्यात, फुटून गेलेल्या लाटेच्या फेसातच सराव करावा. फळी आपल्या आणि येणाऱ्या लाटेच्या मध्ये कधीही येऊ देऊ नये. पडताना डोके खाली करून सूर मारू नये. अंग पसरून पडावे आणि वर येताना हातांनी डोके झाकावे. लाट फुटते त्या जागेच्या सर्वांत जवळ जो असेल, त्याचा त्या लाटेवर पहिला हक्क मानावा. प्रवाहात सापडल्यास त्याच्याशी झुंजू नये; फळी न सोडता हात उंचावून मदत मागावी आणि शक्य झाल्यास किनाऱ्याला समांतर सरकत प्रवाहाबाहेर पडावे. यांतील एकही गोष्ट अवघड नाही. परंतु ती आधी कोणीतरी सांगितलेली असावी लागते.

ती सांगण्याचे काम बाजारावर सोपवून चालेल काय? अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन दाखविले की, जेथे विक्रेत्याला मालाची पारख असते आणि ग्राहकाला नसते, तेथे निकृष्ट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो. सर्फिंगच्या शिकवणीला हे तंतोतंत लागू पडते. एक शिक्षक अर्धा तास वाळूवर समजावून सांगतो आणि मोजकेच विद्यार्थी घेतो. दुसरा कमी पैशांत दहाजणांना सरळ पाण्यात उतरवतो. नवशिक्याला या दोहोंतील फरक कळण्याचे साधन नसते. त्याला दिसते ती केवळ फी. सचोटीच्या शिक्षकाची सावधगिरी अशा वेळी त्याच्या धंद्याला मारक ठरते. सबब शिक्षकाचे प्रशिक्षण, जीवरक्षणाचे ज्ञान आणि एका शिक्षकामागे विद्यार्थ्यांची कमाल संख्या यांविषयी शासनाने सक्तीचे नियम करणे, हा खेळावरील जाच नसून चांगल्या शिक्षकाला दिलेले संरक्षणच आहे.

संघटित व्यवस्थेने काय साधते, याची साक्ष ऑस्ट्रेलियाचा इतिहास देतो. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर १९०७ साली स्वयंसेवी जीवरक्षकांचे मंडळ उभे राहिले. पुढे ६ फेब्रुवारी १९३८ रोजी त्याच किनाऱ्यावर एकामागून एक आलेल्या प्रचंड लाटांनी शेकडो लोकांना आत ओढले. पाच जण दगावले. पण दोनशेहून अधिक लोकांना बाहेर काढण्यात आले. समुद्राने त्या दिवशी दया दाखविली नव्हती. तयारीतील माणसे किनाऱ्यावर हजर होती, एवढाच त्याचा अर्थ.

महाराष्ट्राला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. फळीवर चढणाऱ्याला आणि नुसते डुंबणाऱ्याला ओढून नेणारा समुद्र एकच असतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्यातील एका महाविद्यालयाचे डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. शेजारच्या गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षकांची व्यवस्था उभारली. कोकणात पर्यटन वाढावे, तेथील तरुणांना गावातच रोजगार मिळावा, असे सर्वांनाच वाटते. मग पर्यटकांच्या निवासासाठी जी तरतूद होते, तिच्यातील अल्पसा वाटा निशाणे, मनोरे आणि प्रशिक्षित कोळी तरुणांच्या वेतनासाठी का असू नये? किनाऱ्याकडे सहल नेणाऱ्या प्रत्येक शाळा-महाविद्यालयाने निघण्यापूर्वी एक तास परतीच्या प्रवाहाची आकृती फळ्यावर काढून दाखवावी. त्यासाठी अनुदानाची गरज नाही. खडूचा एक तुकडा पुरे. तरुणांनी लाटांवर जरूर स्वार व्हावे; पण त्यांना पाण्यात उतरू देण्यापूर्वी पाणी वाचावयास शिकविणे, हे वडीलधाऱ्या समाजाचे कर्तव्य आहे.