इंग्लंडचें जुनें रांगनृत्य आणि अस्सलपणाचा वाद

'कंट्री डान्स' हा इंग्लंडांतील जुना नृत्यप्रकार आजहि तेथें व अमेरिकेंत अनेक गांवांतील मंडळी एकत्र जमून आवडीनें नाचतात. कोणी म्हणेल, हा नुसता इतिहासाचा नाटकी खेळ आहे. मला तसें वाटत नाहीं. तथापि 'अस्सल जुनें कोणतें' हा जो वाद त्यांच्यांत चालतो, त्यांत मात्र मला फारसें तथ्य दिसत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, प्रथम या नृत्याची रचना पाहा. पुष्कळ नृत्यांत जोडीदार समोरासमोर दोन लांब रांगांत उभे राहतात. पहिलें जोडपें शेजारच्या जोडप्याबरोबर ठराविक फेर धरतें, आणि सुरावट संपतां संपतां एक जागा खालीं सरकतें. पुनः नवे शेजारी, पुनः तोच फेर. एकाच जोडीदाराबरोबर उभ्या राहिलेल्या मनुष्यानें नृत्य संपेपर्यंत रांगेंतील कितीतरी अनोळखी लोकांचे हात धरलेले असतात. पावलें बहुधा चालण्याइतकीं साधीं. शिवाय एक सूचक सर्वांस आधीं संगीताशिवाय चालवून घेतो, व नंतरहि पुढचा फेर मोठ्यानें सांगत जातो. नवखा चुकला तर शेजारीच त्याला खुणेनें वळवितो.

आतां अस्सलपणाचें पाहूं. जॉन प्लेफर्ड यानें १६५१ सालीं 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' हा ग्रंथ छापला. त्यांत १०५ नृत्यें सुरावटींसह होतीं. (तो काळ प्युरिटन सत्तेचा, ही एक मौजच!) पुढें सुमारें पाऊणशें वर्षें त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. परंतु फेर सांगणारा हा ग्रंथ पावलांविषयीं फारसें बोलत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं सेसिल शार्प यांनीं हीं नृत्यें पुनः उभीं केलीं व १९११ सालीं इंग्लिश फोक डान्स सोसायटी स्थापिली, तेव्हां ही उणीव त्यांस पुष्कळशी आपल्या तर्कानेंच भरून काढावी लागली. मग आजचीं पावलें हुबेहूब १६५१ चींच आहेत, असें छातीठोकपणें कोणीं सांगावें?

१९९५ सालीं बी. बी. सी.नें जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीवरील मालिका दाखविली. तींत नायक-नायिका 'मिस्टर बेव्हरिज्स मॅगट' हें नृत्य नाचतात. तें छापलें गेलें १६९५ सालीं, आणि कादंबरी १८१३ ची! नायिकेच्या पणजीच्या काळचें नृत्य तिच्या पायीं घातलें. जाणत्यांस हें खुपतें, मलाहि खुपलें. परंतु तो प्रसंग पाहून ज्याला नाचावेंसें वाटलें, त्याची दारांतच सनावळीची परीक्षा घेणें हें वाईट शिक्षकाचें लक्षण आहे.

याहून कठीण प्रश्न बदलाचा. अलीकडे कांहीं मंडळांत 'पुरुष' व 'स्त्री' अशा सूचना टाकून नुसती जागा सांगतात, किंवा लार्क, रॉबिन अशीं पक्ष्यांचीं नांवें घेतात, म्हणजे कोणींहि कोणत्याहि रांगेंत उभें राहावें. जुन्या वळणाच्या लोकांस हें रुचत नाहीं, आणि कानांवर बसलेली भाषा सोडणें जड जातें हें मी जाणतों. पण फेर तोच राहतो, सुरावट तीच राहते. आणि पुरुष जोडीदार मिळाला नाहीं म्हणून भिंतीशीं बसून राहणाऱ्या दोन बहिणी उठून रांगेंत येतात. मला एवढें कारण पुरेसें वाटतें.