मत मागायला आलात तेव्हा आम्ही होतो!

वनहक्काचा दावा भरला की कचेरीतला बाबू एकच विचारतो, "जुना कागद काय आहे?" नाही म्हटलं की फायलीवर शेरा पडतो, पुरावा अपुरा. अशा फेटाळलेल्या फायली घेऊन आम्ही पोरं-पोरी जिल्ह्याच्या ग्रंथालयात जाऊन बसलो. निवडणुकीचे जुने अहवाल, जनगणनेची पुस्तकं, आणि हात लावला की कडा तुटतात अशा मतदार याद्या.

1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती, पेटीवर चिन्ह. न शिकलेल्यालाही मत टाकता यावं म्हणून. म्हणजे आमच्या आज्याला अक्षर येत नाही हे सरकारला ठाऊक होतं, तरी त्याचं मत हवं होतं. यादीत नाव, बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव, वय. पाड्यावर येऊन कुणीतरी हे लिहून नेलंच ना? आणि आज वनखातं म्हणतं, तुम्ही परवा घुसलात! मत मागताना रानात माणसं सापडतात, जमीन द्यायच्या वेळी नुसती झाडं दिसतात.

आता या याद्या उलट्या आपल्यावरच चालवायला बघतात. "1937 च्या यादीत तुमच्या गावचं कुणीच नाही," असं एका साहेबानं आम्हाला ऐकवलं. नसणारच साहेब! तेव्हा सगळ्यांना मत होतं कुठं? ज्याच्या नावावर मालमत्ता, जो सारा-कर भरतो, जो शिकलेला, त्यालाच मत. सावकाराचं नाव यादीत, त्याच्या शेतावर राबणाऱ्या वेठीचं नाही. म्हणून काय वेठ राबणारा तिथं नव्हता?

बायांचं तर विचारूच नका. पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे 28 लाख बायांची नावं यादीतून काढली. का, तर त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको असं सांगितलं. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या, पण गोष्ट आपल्यालाही लागू आहे. यादीत नाव नाही म्हणजे लिहिणाऱ्यानं लिहिलं नाही, एवढंच.

आणि एवढा जुना कागद मागायचा अधिकार तरी यांना कुणी दिला? 2006 चा कायदा आदिवासीला म्हणतो, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून राहत आणि कसत असल्याचं दाखवा. तीन पिढ्यांची, 75 वर्षांची अट आहे ती आपल्या शेजारच्या बिगर-आदिवासी जंगलवासींना. त्यांना जुनी यादी खरंच कामाची, ते आपलेच लोक आहेत, त्यांनाही शोधून द्या. नियम 13 मध्ये विहीर, मसणवटा, देवाची जागा, बांध, म्हाताऱ्यांचा लेखी जबाब, सगळं पुरावा म्हणून धरलं आहे. अमुकच कागद पाहिजे म्हणून दावा फेटाळता येत नाही, हे 2012 च्या दुरुस्तीत साफ लिहिलं आहे.

मतदार यादीनं माणूस गावात होता हे कळतं, कुठला तुकडा कसत होता ते कळत नाही. म्हणून एकटी यादी जोडू नका. पण वय नीट बघा. तेव्हा मताचं वय 21 होतं, 18 पुढं 1989 मध्ये झालं. 1952 च्या यादीत चाळीस वर्षांचा असलेला आजा 1912 च्या आसपासचा. त्याच्यापासून वंशावळ खाली उतरवा.

ग्रंथालयातली यादी बघायला चांगली, पण दाव्याला शिक्क्याची नक्कल लागते. जिल्हाधिकारी कचेरीच्या निवडणूक शाखेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पाड्याचं नाव सापडलं नाही तर महसुली गावाच्या नावाखाली शोधा.

नक्कल आली की ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. कारकुनानं नावं वेडीवाकडी लिहिली आहेत, ती म्हाताऱ्यांनाच कळतील. हा सोम्या म्हणजे कुठला सोम्या, कुठल्या माळावर नागली लावायचा, हे ते सांगतील. तो जबाब तिथंच लिहून घ्या, खाली अंगठा घ्या. जबाब देणारा मात्र दावेदार सोडून दुसरा पाहिजे.